खोडव्यात लाल दांड्याची, कुजक्या वासाची छत्री: कुणी ओळखेल का?

मळेकरी, वाळवा
रामराम मंडळी. उसाचा खोडवा आहे (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस), पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, न पेटवता सरीतच ठेवलंय. झड लागून गेली आणि सरीत विचित्र छत्र्या उगवल्या. वीतभर उंच, दांडा नारिंगी-लाल, आतून पोकळ. टोकाला हिरवट-काळा चिकट लेप, त्यावर माश्याच माश्या. वास मेलेल्या घुशीचा. शेजारचे अण्णा म्हणतात, रोग आहे, पाचट पेटव. जमीन आत्ता कुठं भुसभुशीत व्हायला लागलीय, पेटवायला मन होत नाही.

बागवाला, तासगाव
शेणखताच्या ढिगाजवळ आमच्याकडंही येते. सकाळी ताठ, संध्याकाळपर्यंत आडवी. बुडाशी पांढरी पिशवी आहे का?

मळेकरी, वाळवा
आहे. बाजूला न फुटलेली मऊ अंडीपण आहेत.

रानवाटा, कराड
मग ही फॅलस कुळातली बुरशीच. लाल दांडा, जाळी नाही, म्हणजे बहुधा फॅलस रुबिकंडस. एक अंडं उभं चिरून बघा: आत बुळबुळीत थर, मधोमध दांडा आणि लेप आधीच तयार असतो. ओल मिळाली की दांडा काही तासांत ताणून वर येतो. लेपात बीजाणू असतात, ते माश्या पायाला लावून, पोटात घालून नेतात, वास त्यांच्यासाठीच.

अण्णांना हात जोडून सांगा, पेटवू नका! ही मेलेल्या काडीकचऱ्यावर जगते: पाचट, लाकडाचा भुसा, कुजका बांबू. उभ्या उसाला धक्का लावत नाही. उलट तुमचं पाचट कुजवायच्या कामाला लागलीय. बुरशीनाशकही नको, पाचट कुजवणाऱ्या बाकीच्या बुरशी त्यात मरतील. वास सोसत नसेल तर वस्तीजवळची अंडी फुटायच्या आत खुरप्यानं काढा.

डोंगरकडा, जावळी
आमच्या बांबूच्या बेटात पांढऱ्या जाळीचा झगा असलेली येते. तीच का?

रानवाटा, कराड
ती फॅलस इंडुसिएटस, हिची चुलत बहीण. चीनमध्ये तिची लागवड करतात, वाळवून खातात. पण म्हणून रानातली कुठलीही तोंडात घालू नका.

मळेकरी, वाळवा
लई उपकार. उद्या अण्णांसमोरच अंडं चिरतो. पाचट लवकर कुजायला आणखी काय करू?

रानवाटा, कराड
टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. ओल मोडू देऊ नका.