चालू मेल-मालिका मधेच बदलायची आहे, आत असलेल्या लोकांचं काय करायचं?

उद्यमबागवाली

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत मार्केटिंग बघते. मार्केटिंग म्हणजे कोटेशन, फोन, मेल, वेळ पडली तर कुरिअरची पावती फाडणंसुद्धा. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांना आमचे मेल एका टूलमधून (सॉफ्टवेअरमधून) आपोआप जातात. पहिला ओळखीचा, चार दिवसांनी फोटो आणि लोखंडाच्या ग्रेडचा, आठवड्याने ‘नमुना पाठवू का’, त्यानंतर दहा दिवसांनी निरोपाचा. कोइमतूर, पुणे, बंगळुरूच्या पीण्याला इंग्रजीत. कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावला आणि सांगलीला मराठीत.

आता आमच्याकडे दोन व्हीएमसी (कास्टिंग कापून, भोकं पाडून मापात आणणारी मशिनं) बसल्यात. कच्चं कास्टिंग म्हणजे नुसता ओतीव भागच नाही, तो मशिनिंग करूनही देणार. मालक म्हणतात दुसरा मेल बदल, त्यानंतर मशिनिंगचा एक नवा घाल आणि निरोपाचा काढून टाक. (“आपण कशाला निरोप घ्यायचा?”)

अडचण अशी की यादीतले लोक वेगवेगळ्या पायरीवर आहेत. कुणाला नुसता पहिला गेलाय, कुणी तिसऱ्यावर, बरेच जण शेवटपर्यंत जाऊन संपलेत. जुन्या दुसऱ्या मेलमध्ये ‘मशिनिंग तुमच्याकडे करून घ्यावं लागेल’ असं स्पष्ट लिहिलंय. ते वाचलेल्या माणसाला पुढच्याच मेलमध्ये ‘आधी कळवल्याप्रमाणे मशिनिंगचे दर’ गेले तर तो काय समजेल? आणि संपलेल्यांना टूल परत उठवून मेल पाठवणार नाही ना?

हुबळी_लाईन

एवढा विचार कशाला? मालिका उघडा, बदल करा, सेव्ह दाबा. पुढच्यांना नवं जाईल, मागच्यांना गेलं ते गेलं. मी तसंच करतो.

शहापूरचे अण्णा

ताई, सेव्ह आत्ताच दाबू नका. वरच्या भावाचं टूल तसं वागत असेल, तुमचं वागेलच असं नाही.

काही टूल माणूस आत घेतला त्याच वेळी सगळ्या मेलची प्रत त्याच्या नावावर काढून ठेवतात. नंतर तुम्ही काय वाटेल ते बदला, त्याला जुनंच जाणार. काही टूल मेल निघायच्या वेळेला मजकूर उचलतात. तिथे सेव्ह दाबल्यापासून सगळ्यांना नवं. तुमचं कुठलं, ते करूनच बघा की. चाचणीची एक छोटी मालिका काढा, दोन मेलमधलं अंतर जमेल तेवढं कमी ठेवा, स्वतःचे आणि ऑफिसातल्यांचे पत्ते वेगवेगळ्या पायरीवर आणा आणि मग मधे एक मेल घाला, एक काढा. इनबॉक्समध्ये काय येतंय त्यावरून कळेल.

मधे पायरी घालताना डोळ्यात तेल घालून बघा. कधी कधी टूलला ‘याला आता चौथा मेल द्यायचा’ एवढंच ठाऊक असतं. तुम्ही मधे एक घातलात की जुना तिसरा चौथा होतो आणि ज्याला ‘नमुना पाठवू का’ विचारून झालंय त्याला परत तेच विचारलं जातं. पायरी काढताना आणखी एक, काही ठिकाणी त्या पायरीचे आकडेही (किती मेल गेले, किती उत्तरं आली) तिच्याबरोबर जातात. म्हणून आधी मालिका थांबवा आणि यादी एक्सेलला उतरवून घ्या: पत्ता, पायरी, शेवटचा मेल कधी गेला, स्थिती काय.

माझी पद्धत सांगतो. चूक असेल तर जागेवर दुरुस्त करायची, बोलणं बदलायचं असेल तर नवी मालिका. फोन नंबर बदलला, फोटोची लिंक तुटली, तर आहे तिथेच हात घाला. मशिनिंग म्हणजे बोलणंच बदललं. जुन्या मालिकेची प्रत काढा, बदल त्या प्रतीत करा आणि जुनीत नवा माणूस घेणं बंद करा.

ज्यांना फक्त पहिला गेलाय त्यांना जुनीतून काढून नवीत थेट दुसऱ्या पायरीवर आणा. आधी काढायचं, मग घालायचं, नाहीतर दोन्हीकडून मेल जातील. तुमचा दुसरा मेल पहिल्याच्याच धाग्यात उत्तर म्हणून जात असेल तर नव्या मालिकेत तो धागा नसतो. त्याला स्वतःचा विषय द्या.

ज्यांना जुना दुसरा मेल गेलाय त्यांना छेडू नका. राहिलेले मेल अडीच आठवड्यांत संपतात, तेवढं जुनीत चालू दे. तेवढ्यात एखाद्याने मशिनिंगचं विचारलंच तर फोनवर सांगायला तोंड आहेच.

संपलेल्यांना परत मालिकेत टाकू नका. त्यांना पुन्हा ‘आमची ओळख’ पाठवणं म्हणजे ओळख पुसून टाकणं. दोन-तीन महिने जाऊ देत, मग निवडक लोकांना हाताने एकच मेल: ‘नमस्कार. मागे एफजी २६० च्या पंप बॉडीबद्दल लिहिलं होतं. तेव्हा कच्चं कास्टिंगच देत होतो. आता बोअर आणि फ्लँज इथेच मशिन करून मिळतील. ड्रॉइंग असल्यास पाठवावं.’ एवढं पुरे.

आणि निरोपाचा मेल ठेवा. मालकांना सांगा, माझ्याकडे सगळ्यात जास्त उत्तरं त्यालाच येतात. ‘आता त्रास देत नाही’ म्हटल्यावर माणसाला आपली आठवण होते.

टूलला कधीच न कळणारी एक गोष्ट राहिली. शिरोलीचा माणूस मेलला मेलने उत्तर देत नाही. खाली नंबर दिसला की फोन लावतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो टाकतो. टूलच्या हिशेबी तो गप्पच असतो. दर ठरवून झालेल्या माणसाला ‘आपलं उत्तर मिळालं नाही’ असा मेल जातो आणि तो हसतो किंवा चिडतो. तसंच खरेदीवाल्याने मेल आत पुढे पाठवला आणि दुसऱ्याच पत्त्यावरून उत्तर आलं, तरी पहिल्याला मेल चालूच राहतात. यादी उतरवलीत की फोन घेणाऱ्या माणसाशेजारी बसून एकेक नाव तपासा. ज्या कंपनीशी बोलणं सुरू झालंय तिचे सगळेच पत्ते थांबवा.

परत चालू करताना रोजची मर्यादा कमी ठेवा. थांबलेल्या दिवसांचे तुंबलेले मेल एकदम सुटतात.

निपाणीकर

अण्णांच्या सांगण्यात थोडी भर. प्रत काढलीत की ‘मेल नको’ म्हणणाऱ्यांची यादी नव्या मालिकेलाही लागू आहे का ते बघा. काही टूलमध्ये ती मालिकेपुरतीच असते, नवीत तोच माणूस परत आत येतो. ही यादी सगळ्या खात्याला एकच हवी. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर रोज ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकची नकाराची सोय सक्तीची केलीय, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितल्यात. आपण रोजच्या ५,००० च्या आसपासही नाही, पण नको म्हणणाऱ्याला परत मेल गेला की तो सरळ ‘स्पॅम’ दाबतो.

पुढेमागे जर्मनीची यादी घ्यायची असेल तर ही मालिका तशीच चालवू नका. तिथे कंपन्यांनासुद्धा आधी संमती घेतल्याशिवाय जाहिरातीचा मेल पाठवता येत नाही.

सुट्ट्याही हाताने भरा. १ नोव्हेंबरला पीण्यातली ऑफिसं बंद, कोल्हापूरकडची चालू. टूलमधल्या भारताच्या सुट्ट्यांत कर्नाटक राज्योत्सव असेलच असं नाही.

उद्यमबागवाली

अण्णा, चाचणी केली. आमचं टूल मेल निघताना मजकूर उचलणारं निघालं, म्हणजे सेव्ह दाबलं असतं तर घोळच होता. मराठी आणि इंग्रजी दोन्हींच्या प्रती काढल्यात. फोनवाल्या काकांबरोबर यादी तपासायला बसले तर शिरोलीचीच कितीतरी नावं थांबवावी लागली.

आता एकच. प्रत काढलीच आहे तर मालकांना पहिल्या मेलमध्ये किर्लोस्करांचं १८८८ सालचं बेळगावातलं सायकलचं दुकान घालायचंय. आपल्या गावाची परंपरा म्हणून. घालू का?

शहापूरचे अण्णा

परंपरेचा अभिमान मलाही आहे, पण किर्लोस्कर १९१० मध्ये बेळगाव सोडून कुंडलकडे (आजच्या किर्लोस्करवाडीला) गेले. खरेदीवाल्याला किती किलोपर्यंतचं कास्टिंग, ग्रेड कुठला आणि पॅटर्नचा (साचा बनवायच्या नमुन्याचा) खर्च कुणाचा, एवढं पहिल्या तीन ओळींत हवं असतं. शिवाय पहिला मेल आत्ता बदललात तर उत्तरं वाढली ती मशिनिंगमुळे की सायकलमुळे, हे मालकांना कसं सांगणार? निरोपाच्या मेलमध्ये खाली एक ओळ घाला म्हणावं. तो मेल राहील आणि मालकही खूश.