खोबरेल आणि छोटी बाटली

"छोट्या बाटलीतलं खोबरेल डोक्याचं, फोडणीला मोठा डबाच हवा" असं कुणीतरी लिहिलंय, ते मला पटलं नाही. नेमका हाच वाद पंधराहून जास्त वर्षं कोर्टात होता. 2018 मध्ये दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला की केवळ पॅक छोटं म्हणून ते केशतेल ठरत नाही, लेबल काय सांगतं ते बघा. (भांडण अर्थात कराचं. खाद्यतेलाला 5 टक्के, केशतेलाला तेव्हा 18.)

तेव्हा बाटली उलटी करून 'खाद्य' लिहिलंय का वाचा आणि बिनधास्त वापरा. मी फरसबी मीठ-मिरची घालून वाफवते, गॅस बंद केल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल, लगेच झाकण. थंडीत गोठलं तर बाटली गरम पाण्यात उभी करायची.