दूरस्थ टीमसाठी व्हिडिओ बैठकीचे सॉफ्टवेअर निवडताना कोणाचे इंटरनेट प्रमाण मानायचे?

कृष्णाकाठ (धागालेखक)

परवा येथील एका सदस्यांनी लिहिले की, घरून काम करणाऱ्या टीमने व्हिडिओ बैठकीचे सॉफ्टवेअर निवडण्यात वेळ घालवू नये. ई-मेल गूगलचा असेल तर मीट घ्यावे, मायक्रोसॉफ्टचा असेल तर टीम्स, आणि एवढ्यावर ज्यांचे भागत नाही त्यांना कामे कमी असावीत. शेवटचे वाक्य नसते तर मी गप्प बसलो असतो.

आमची बारा जणांची भाषांतराची टीम आहे. अकरा जण सांगलीत आणि पुण्यात आहेत, त्यांच्या घरी फायबर आहे. बारावी सहकारी गुहागर तालुक्यात राहते आणि तिची सारी भिस्त दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल डेटावर असते. झूमच्याच आकड्यांनुसार दोघांच्या बैठकीत ७२०पी (एचडी) दर्जाच्या चित्राला एका दिशेने सेकंदाला १.२ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सुमारे ५४० एमबी. नुसत्या आवाजाला ६० ते ८० किलोबिट, म्हणजे तासाला फार तर ३६ एमबी. अशा परिस्थितीत स्वतःचा कॅमेरा बंद करून तिचा अर्धाच प्रश्न सुटतो, कारण सर्व्हर बाकीच्यांची चित्रे तिच्याकडे पाठवतच राहतो. येणारे चित्र थांबवण्याची सोय हाताशी आहे का, आणि इंटरनेट गेले तर साध्या फोनवरून क्रमांक फिरवून बैठकीत येता येते का, हे दोन प्रश्न मी आधी विचारतो. ई-मेल कोणाचा, हा त्यानंतरचा.

गेल्या वर्षी एका ग्राहकासमोर तिचा आवाज तीन वेळा तुटला आणि ‘आपल्या सहकारी फारशा बोलत नाहीत’ असे त्याने नंतर मला कळवले. ज्या मजकुरावर ती बैठक होती, तो सगळा तिनेच केलेला होता.

हिशेबी

ते परवाचे लेखन माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. गूगल वर्कस्पेसचे, म्हणजे ई-मेलसह कार्यालयीन सेवांच्या संचाचे, पैसे आपण भरतच असाल तर मीट त्यात येते. रेकॉर्डिंग हवे असेल तर त्यातली सुरुवातीची स्टार्टर योजना सोडून वरची स्टँडर्ड योजना घ्यावी लागते, एवढाच काय तो निर्णय. त्यावर दुसरे सॉफ्टवेअर विकत घेणे म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवणे. फुकटात भागवणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. झूमच्या मोफत बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा आहे, मीटवर तिघे झाले की ६०. दर ४० मिनिटांनी नवी लिंक पाठवणाऱ्या माणसाच्या वेळेला काही किंमत असते, हे आपल्याकडे कोणी धरतच नाही.

आणि खरे सांगायचे तर अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. आठ काळ्या चौकटींशी बोलायचे, समोरचा ऐकतो आहे की भाजी निवडतो आहे याचा पत्ता नाही, आणि शेवटी ‘पुन्हा सांगाल का?’ हे ऐकायचे. कॅमेरा सक्तीचा करा. निम्मे प्रश्न सुटतील.

वाशिष्ठी

भाजी निवडतानाही कान उघडे असतात, हे नम्रपणे नमूद करते.

मी चिपळूणची. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी होते आणि पुढचे कित्येक दिवस वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नव्हता. त्या आठवड्यातही मी गच्चीवर उभी राहून फोनवरून क्रमांक फिरवून बैठकीला हजर राहिले आणि तेव्हाच्या माझ्या वरिष्ठांनी सर्वांसमोर विचारले की कॅमेरा का बंद आहे. आमचे घर दोन खोल्यांचे, त्यातल्या एकीत सासूबाई आजारी. मागच्या भिंतीवर काय दिसते, कोण वावरते, मी काय नेसले आहे, हे पाहून माझे काम कसे कळते, ते हिशेबी यांनी समजावून सांगावे.

हिशेबी

ताई, पुराचे प्रसंग अपवाद असतात आणि अपवादावरून धोरण ठरवता येत नाही. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय आता सगळीकडे आहे.

वाशिष्ठी

‘ताई’ म्हणून विषय संपत नाही. पार्श्वभूमी धूसर करायला संगणकाचे बळ लागते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती सोय चालू केली की पंखा गिरणीसारखा घुमतो आणि आवाजच अडखळू लागतो. धोरण ठरवणाऱ्यांनी आधी टीममधला सर्वांत जुना लॅपटॉप वापरून पाहावा.

सखल देश

मी आइंडहोवनला असतो. येथून जवळच टिलबर्ग आहे, तिथल्या न्यायालयाचा २०२२ चा निकाल वाचनीय आहे. फ्लोरिडातील एका कंपनीने दूरस्थ कर्मचाऱ्याला दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला सांगितले, त्याने नकार दिला, त्याला काढले. न्यायालयाने ही खाजगी जीवनातील ढवळाढवळ ठरवली आणि कंपनीला सुमारे ७५ हजार युरो भरावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. कॅमेरा चालू असताना थकवा वाढतो, आणि स्त्रियांना व नव्या कर्मचाऱ्यांना तो अधिक जाणवतो, असे त्यात आढळले.

हिशेबी

नेदरलँड्सचा कायदा तेथेच राहू द्यावा. शिवाय तो खटला दिवसभराच्या पाळतीचा होता. मी अर्ध्या तासाच्या बैठकीविषयी बोलतो आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजणे वकिलीत चालत असेल, चर्चेत चालू नये.

सखल देश

हा फरक मान्य. आपण मूळ प्रतिसादात ‘अर्धा तास’ लिहिले असते तर मला निकाल शोधावा लागला नसता.

मुक्तस्रोती

कॅमेऱ्यावरून इतकी रणधुमाळी चालली आहे, आणि चित्र कोणाच्या सर्व्हरवरून जाते हे कोणीच विचारत नाही! एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सरकारी अधिकाऱ्यांना अधिकृत कामासाठी झूम वापरू नये असे सांगितले होते. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचे, म्हणजे मधल्या सर्व्हरलाही बैठक पाहता-ऐकता येणार नाही अशा कुलपाचे, झूमचे दावे दिशाभूल करणारे होते, म्हणून त्याच वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही त्यांना धारेवर धरले. स्वतःच्या सर्व्हरवर जित्सी हे बैठकीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवा, एन्क्रिप्शन चालू करा, मोकळे व्हा. मी आमच्या संस्थेत हे एका शनिवारी केले.

हिशेबी

आणि रविवारी? जित्सीवर रेकॉर्डिंग हवे तर जिब्री नावाचा वेगळा प्रोग्राम बसवावा लागतो, आणि त्याची एक प्रत एका वेळी एकच बैठक टिपते. दोन बैठका एकाच वेळी असल्या तर दोन प्रती. चित्र आणि आवाज ज्या वाटेने येतात-जातात, ते यूडीपीचे १०००० क्रमांकाचे पोर्ट ग्राहकाच्या कार्यालयात बंद असले तर तेही आपणच निस्तरायचे. तुमचा शनिवार फुकट असेल, माझा नाही.

मुक्तस्रोती

जिब्रीविषयीचा आक्षेप रास्त आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. आम्ही रेकॉर्डिंग करतच नाही, टिपणे काढतो. अर्थात टिपणे काढण्याची सवय लोकांना उरली आहे का, हा वेगळाच विषय झाला.

कृष्णाकाठ (धागालेखक)

एन्क्रिप्शनचा आग्रह आणि माझी गुहागरची सहकारी यांचे जमत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. झूमने ऑक्टोबर २०२० मध्ये खरे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणले. मात्र ते चालू केले की साध्या फोनवरून बैठकीत येता येत नाही, क्लाउडवर रेकॉर्डिंगही होत नाही. म्हणजे ज्या मार्गाने वाशिष्ठी गच्चीवरून बोलू शकल्या, तोच बंद. मी भाषांतरे करतो, लष्करी गुपिते सांभाळत नाही; त्यामुळे रोजच्या बैठकीसाठी मी फोनचा मार्ग राखीन आणि एखाद्या ग्राहकाने गोपनीयतेची अट घातली तर त्यापुरते एन्क्रिप्शन चालू करीन. हिशेबी यांचे एवढे म्हणणे पटते की, मीटचे पैसे भरलेले असताना दुसरे काही घेण्याआधी तेच नीट तपासावे. ते मी केले नव्हते.

हिशेबी

उशिरा का होईना, वहीत नोंद झाली, आनंद आहे. कॅमेऱ्याच्या सक्तीविषयी मी इतकेच मागे येतो: पहिल्या पाच मिनिटांपुरता चालू ठेवावा, नंतर ज्याची त्याची मर्जी.

वाशिष्ठी

पाच मिनिटे कोणाच्या घड्याळाने?

कृष्णाकाठ (धागालेखक)

मंगळवारी गुहागरहून चाचणी घेतो आहोत: आधी मीट, मग झूम, शेवटी नुसता फोन, प्रत्येकी वीस मिनिटे. किती डेटा गेला आणि किती वेळा आवाज तुटला, ते येथे लिहीन. हिशेबी, आपणही या. मात्र आपल्या फायबरवरून नाही, मोबाइल डेटावरून.

हिशेबी

येतो. माझा कॅमेरा चालू असेल.