नऊ म्हातारे, मरेपर्यंत खुर्ची आणि 'कोर्टाने दिलं काय?'

भोचक_भाऊ
काल 'खडूस' यांनी एका धाग्यावर पिंक टाकली: अमेरिकेतले फेडरल (केंद्र सरकारच्या कोर्टांचे) जज्ज म्हणजे कुणी निवडून न दिलेले, मरेपर्यंत खुर्ची न सोडणारे म्हातारे, नागरी हक्क दिले काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने), कोर्टाने फक्त फीत कापली. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

फीत कापली? १९५४ साली ब्राऊन खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तेव्हा दक्षिणेतल्या शंभरएक खासदारांनी काय केलं? दोन वर्षांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला! नागरी हक्क कायद्याला १९६४ उजाडलं. मधली दहा वर्षं किल्ला लढवला तो फ्रँक जॉन्सनसारख्यांनी. अलाबामातल्या माँटगोमेरीचा फेडरल जज्ज. बसमधला भेदभाव १९५६ साली ज्या तिघांच्या खंडपीठाने मोडला त्यात हा होता. १९६५ मध्ये काळ्यांच्या मतदान हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चाला वाट करून दिली ती यानेच. १९६७ त याच्या आईच्या घरावर बॉम्ब पडला, माउली थोडक्यात वाचली. गव्हर्नर होऊन गेलेला, वर्णभेदाचा कट्टर समर्थक वॉलेस याचा कॉलेजातला सोबती, आणि तोच हाडवैरी. हा जज्ज दर चार वर्षांनी मतं मागत फिरला असता तर अलाबामाने त्याला दारात तरी उभं केलं असतं का?

खडूस
माझ्या एका ओळीवर एवढा निबंध, धन्य झालो. जॉन्सन आठवला, मिसिसिपीचा हॅरल्ड कॉक्स सोयीस्कर विसरलात. तोही फेडरल, तोही आजन्म, नेमणूक खुद्द केनेडींची. मतदार नोंदणीला आलेल्या काळ्या माणसांना भर कोर्टात चिंपांझी म्हणाला. खुर्ची हलली? छे.

आणि काँग्रेस झोपली होती म्हणता? हॉटेलं, रेल्वे, नाटकगृहं सर्वांना खुली करणारा कायदा तिने १८७५ सालीच केला होता. १८८३ त तो मोडीत कुणी काढला? तुमच्या सुप्रीम कोर्टाने. म्हणजे १९६४ ला जे मिळालं, ते ऐंशी वर्षं अडवून बसलेलं कोर्टच. १९२३ साली भगतसिंग थिंद या भारतीयाला 'तू गोरा नाहीस' म्हणून नागरिकत्व नाकारलं, तेही एकमताने. मी ८९ साली दोन बॅगा घेऊन उतरलो तो १९६५ च्या स्थलांतर कायद्याच्या जिवावर. काँग्रेसचा कायदा, भाऊ.

एडिसनची_आजी
तुमचं १८८३ राहू दे. माझ्या सुनेची बाळंतपणाची तारीख २०२५ च्या मार्चमधली. दोघंही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. २० जानेवारीला ट्रम्पचा आदेश निघाला, की अशांच्या बाळांना जन्माने नागरिकत्व नाही. मुलगा तीन रात्री झोपला नाही. २३ तारखेला सिअ‍ॅटलच्या एका म्हाताऱ्या जज्जाने आदेश रोखला. रेगनच्या काळातला जज्ज! मी देवापुढे साखर ठेवली.

खडूस
आजी, नातवंडाला आशीर्वाद. पण साखर जरा लवकर ठेवलीत. जूनमध्ये सुप्रीम कोर्टानेच ६-३ ने सांगितलं, की जिल्हा न्यायाधीशांनी असे देशभर लागू होणारे मनाईहुकूम देऊ नयेत.

एडिसनची_आजी
आणि जुलैत न्यू हॅम्पशायरच्या जज्जाने क्लास अ‍ॅक्शनची (सगळ्यांच्या वतीने एकच दावा) वाट काढून पुन्हा रोखला. मीही बातम्या बघते हो.

ताक_भाकरी
अवांतर: जज्जांचं कौतुक पुरे, ज्युरीचं बोला. नागरिक झाल्यावर मला फेडरल कोर्टाचं समन्स आलं. दिवसाचे ५० डॉलर! सकाळी साडेसातला हजर. सिक्युरिटीवाल्याने डबा उघडायला लावला, पोळीची गुंडाळी मशीनमधून दोनदा फिरवली. दुपारी तीनला माझा नंबर आला. वकिलाने विचारलं, 'इंग्रजी समजतं ना?' बावीस वर्षं इथल्या पोरांना गणित शिकवतेय. लगेच वगळलं, कारण न देता.

किसकाढू
तुम्ही हरकत घ्यायला हवी होती. बॅट्सन खटला, सुप्रीम कोर्ट, १९८६. वंशावरून ज्युरर वगळता येत नाही.

ताक_भाकरी
हरकत घ्यायची ती समोरच्या वकिलाने. मी तिथे डबा घेऊन बसले होते, वकीलपत्र नाही.

बंबैया
ज्युरी म्हणजे तमाशा. मुंबईत १९५९ ला खुनाच्या खटल्यात नानावटीला ८-१ ने निर्दोष सोडलं, म्हणून तर आपल्याकडे ज्युरी लगेच बंद झाली.

किसकाढू
लगेच नाही. काही राज्यांत नंतरही चालू होती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच राहिली नाही. पारशी घटस्फोटात पाच प्रतिनिधी बसतात ते वेगळंच.

बंबैया
माझे आजोबा त्या खटल्याला गॅलरीत बसले होते. तुम्ही बसला होता का?

किसकाढू
आजोबा १९७३ च्या संहितेलाही गॅलरीत होते का?

बंबैया
आजोबांवर जायचं काम नाही. फुकटचे पंडित!

भोचक_भाऊ
दोघंही आवरा. ज्युरी निघालीच आहे तर ऐका. सेल्माचा तो मोर्चा संपला त्या रात्री डेट्रॉइटहून आलेल्या व्हायोला लिउझो या गोऱ्या बाईंना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीवाल्यांनी गोळ्या घातल्या. अलाबामाच्या राज्य कोर्टात एका ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसरीने आरोपी सोडला. मग फेडरल खटला, जज्ज जॉन्सन. ज्युरी तिथेही सगळी गोरी. 'आमचं जमत नाही' म्हणत ती बाहेर आली, याने परत आत पाठवली. तिघं दोषी, दहा-दहा वर्षं. राज्य तेच, लोक तसेच. खुर्चीत बसलेला माणूस वेगळा होता, खडूसराव.

खडूस
आणि तो फेडरल खटला चालला कशावर? नागरी हक्कांविरुद्ध कट करण्याच्या जुन्या कायद्यावर. तो कुणी केला होता? काँग्रेसने. असो. जॉन्सनला मार्क दिला, एकच. अठरा वर्षांची मुदत घाला, मग आनंदाने दुसरा देईन.

भोचक_भाऊ
मुदतीचं बोलता येईल. सुप्रीम कोर्टापुरतं. जिल्हा न्यायाधीशांना हात लावायचा नाही.

खडूस
अरे वा, भाऊ हलले! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

ताक_भाकरी
मला पुन्हा समन्स आलंय. या वेळी पोळी नाही, पोहे नेणार. मशीनमधून फिरवून दाखवा म्हणावं.