टीव्हीचा करार बदलला की एमएमए कार्डांचा दर्जा खरंच बदलतो का?

डावखुरा_नाशिक

एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) मधली सगळ्यात मोठी संघटना यूएफसी हिने ऑगस्ट 2025 मध्ये पॅरामाउंट या अमेरिकी माध्यम कंपनीशी प्रक्षेपणाचा 7 वर्षांचा, 7.7 अब्ज डॉलरचा करार केला. 2026 पासून अमेरिकेत पीपीव्ही (दर इव्हेंटचे वेगळे पैसे भरून बघणं) बंद. वर्षाला 13 नंबरवाले (मोठे) इव्हेंट आणि 30 फाईट नाईट (छोटे इव्हेंट), सगळं एकाच वर्गणीत. आमच्या जिममध्ये यावरून दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, आता वेगळे पैसे मागायचे नाहीत, म्हणजे चांगल्या फाईट्स सगळीकडे वाटल्या जातील. बाकीच्यांचं म्हणणं असं की पैसे आधीच खिशात पडलेत, आता कार्ड (एका इव्हेंटमधल्या फाईट्सची यादी) आणखी पातळ होणार.

मला स्वतःला गेल्या काही वर्षांतली फाईट नाईट कार्ड बघताना निम्मी नावं ओळखीची वाटत नाहीत, आणि मी दर आठवड्याला बघणारा माणूस आहे. हे करारामुळे होतं, की मीच जुन्या आठवणींत रमतोय? ज्यांना टीव्हीच्या धंद्याची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओबी_व्हॅन

करारामुळेच होतं. मी मुंबईत खेळांच्या थेट प्रक्षेपणात आहे, बहुतेक वेळ ओबी व्हॅनमध्ये (मैदानाबाहेरची प्रक्षेपणाची गाडी) रनडाउन (कार्यक्रमाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक) पुढ्यात घेऊन बसलेला. एमएमए मात्र मी फक्त प्रेक्षक म्हणून बघतो, आणि मनापासून बघतो.

आधी वेळेचं बघा. कबड्डीचा सामना 20-20 मिनिटांचा, तो कधी संपणार हे मला सुरू होण्याआधी माहीत असतं. एमएमएची तीन राउंडची फाईट मधल्या विश्रांतीसकट जास्तीत जास्त 17 मिनिटं, पाच राउंडची 29. आणि कमीत कमी काही सेकंद. वाहिनीने मात्र ठराविक तास विकत घेतलेले असतात आणि त्यातल्या जाहिराती विकलेल्या असतात. हा खेळ आणि टीव्हीचं घड्याळ यांचं पहिल्यापासून जमलेलं नाही. डिसेंबर 1994 मध्ये टल्सा इथे झालेल्या यूएफसी 4 च्या अंतिम फेरीत होइस ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांची फाईट 15 मिनिटं 49 सेकंद चालली. तेव्हा वेळेची मर्यादाच नव्हती. पीपीव्हीचा स्लॉट संपला आणि ग्रेसीने खालून ट्रँगल (पायांनी गळा आवळण्याचा डाव) लावून सामना जिंकला तो क्षण असंख्य घरांत दिसलाच नाही. लोकांना पैसे परत करावे लागले. पुढच्याच इव्हेंटला, यूएफसी 5 ला, वेळेची मर्यादा आली. म्हणजे खेळाचा एक मूलभूत नियम टीव्हीच्या स्लॉटमुळे बदलला.

आता फॉक्सचा काळ. 12 नोव्हेंबर 2011, अनाहाइम. यूएफसी पहिल्यांदाच फॉक्स या अमेरिकी वाहिनीवर, फुकट, देशभर. तासाभराच्या त्या कार्यक्रमात दाखवली एकच फाईट: केन व्हेलास्केझ आणि ज्युनिअर दोस सांतोस, हेवीवेटचा बेल्ट (विजेतेपद). 64 सेकंदांत संपली. सरासरी 57 लाख लोक बघत होते आणि त्यांना उरलेला वेळ गप्पाच ऐकाव्या लागल्या. त्याच रात्री, त्याच केजमध्ये, बेन्सन हेंडरसन आणि क्ले गीडा यांची लाइटवेटची फाईट झाली होती. तीन राउंड जमिनीवर लोळत, उठत, पुन्हा गळा आवळायला बघत. ज्याने कधी एमएमए बघितलंच नाही त्याला दाखवावी अशी फाईट. ती फक्त इंटरनेटवर गेली. हा निर्णय कोणत्याही मॅचमेकरच्या (फाईट्स जुळवणाऱ्याच्या) डोक्यातून आलेला नाही. बेल्टची फाईट हवी आणि तासाच्या आत हवी, हे आधी ठरलं, कार्ड त्यात बसवलं गेलं. मला आजही त्याचा त्रास होतो.

त्यानंतर संख्या. 2005 मध्ये यूएफसीचे वर्षभरात 10 इव्हेंट होते. 2014 मध्ये 46. वाहिन्यांना भरायला तास हवे होते. चॅम्पियन मात्र तेवढ्या पटीत वाढत नाहीत, आणि एक चांगला फायटर वर्षात दोनदा, फार तर तीनदा लढतो. मग काय होतं ते यूएफसी 151 मध्ये दिसलं. 2012 मध्ये डॅन हेंडरसन जखमी झाला, जॉन जोन्सने आठ दिवसांच्या सूचनेवर चेल सॉननशी लढायला नकार दिला, आणि अख्खा इव्हेंट रद्द झाला. सगळे जोन्सला बोलले. माझ्या मते प्रश्न जोन्सचा नव्हताच. एक फाईट पडल्यावर ज्या कार्डाकडे तिकीट काढून यावं असं काही उरत नाही, ते कार्ड आधीपासूनच पोकळ होतं. 2014 मध्ये जोसे आल्दो जखमी झाला तेव्हा यूएफसी 176 चं तेच झालं.

मग ईएसपीएन आलं, 2019 पासून, 5 वर्षांचे 1.5 अब्ज डॉलर, वर्षाला 42 च्या आसपास इव्हेंट. तुम्ही म्हणता ती ओळख न पटणारी नावं मुख्यतः या काळातली आहेत. पीपीव्हीच्या जुन्या पद्धतीत कार्ड वाईट असेल तर लोक विकत घेत नाहीत, आणि तो फटका संघटनेला त्याच महिन्यात बसतो. ठरलेल्या रकमेच्या करारात इव्हेंट दिल्याचे पैसे मिळतात, इव्हेंट चांगला दिल्याचे वेगळे मिळत नाहीत. लास वेगासचं यूएफसीचं स्वतःचं एपेक्स बघा. छोटा हॉल, काही शे खुर्च्या, 30 फुटांऐवजी 25 फुटांचा केज. करोनाच्या काळात ती गरज होती. करोना संपल्यावरही तिथे इव्हेंट होत राहिले, कारण फाईट नाईटचा खर्च हक्कांच्या पैशातून निघत असेल तर तिकिटं विकण्याचा खटाटोप कशाला? प्रेक्षकांचा आवाज नसलेल्या हॉलमध्ये चांगली फाईटसुद्धा सरावासारखी वाटते. हे मी आवाजाचं मिक्सिंग जवळून बघणारा माणूस म्हणून सांगतो.

तांबडी_माती

ओबी_व्हॅन, हिशोब पटला. पण तुम्ही टीव्हीसमोर बसून बोलताय, मी पोरांच्या बाजूनं बोलतो. कोल्हापुरात माझ्याकडं कुस्तीतून आलेली पोरं एमएमए शिकतात.

ते जास्तीचे इव्हेंट आले म्हणूनच जागा झाली. यूएफसीत पुरुषांचा फ्लायवेट हा हलका वजनगट 2012 मध्ये आला, बायकांचा बँटमवेट फेब्रुवारी 2013 मध्ये राउझी आणि कारमूश यांच्या फाईटपासून, स्ट्रॉवेट 2014 मध्ये. वर्षाला 10 इव्हेंट असते तर हे वजनगट इतक्या लवकर उघडले असते असं मला नाही वाटत. पूजा तोमर जून 2024 मध्ये लुइव्हिलच्या फाईट नाईटला जिंकली, यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय. अशाच एका कार्डावर, ज्याला तुम्ही पातळ म्हणता. माझ्या तालमीतल्या पोरींनी ती फाईट मोबाईलवर कितीदा लावली असेल! त्यांच्यासाठी ते वर्षातलं सगळ्यात मोठं कार्ड होतं.

माझी तक्रार वेगळीय. हक्कांचा पैसा वर वाढतो तेवढा खाली येत नाही. फायटरांनी यूएफसीवर घातलेल्या दाव्यात 37.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली, तीही 2010 ते 2017 या काळातल्या लोकांसाठी. त्या दाव्यात जे आकडे पुढं आले त्यावरून फायटरांना उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या आसपासच मिळत होतं. नवीन पोरगा 10-12 हजार डॉलर लढायचे आणि तेवढेच जिंकायचे अशा बोलीवर येतो. त्यातनं कोच, कॅम्प (फाईटआधीची तयारी), डॉक्टर. वर्षाला 43 इव्हेंट भरायचे म्हणजे कुणीतरी जखमी होणार, आणि मग दहा दिवस आधी फोन येतो. पोरगा नाही म्हणू शकत नाही. दहा दिवसांत दहा किलो उतरवून केजमध्ये गेलेल्या माणसाचे पाय दुसऱ्या राउंडला जड होतात. लोक म्हणतात फाईट रटाळ झाली. दर्जा म्हणाल तर तो मला तिथं घसरताना दिसतो, वजनकाट्यावर.

हडसनपार

न्यू जर्सीतून लिहितोय, फक्त गिऱ्हाईक म्हणून. 2019 मध्ये पीपीव्ही 59.99 डॉलर होतं, 2023 मध्ये 79.99 झालं, आणि ते विकत घ्यायलाही आधी ईएसपीएन प्लसची वर्गणी लागायची. त्यामुळे आम्ही चार-पाच मराठी घरं मिळून कोणातरी एकाकडे जमायचो. भारतात सोनीवर तेच नंबरवालं कार्ड रविवारी सकाळी पोह्यांसोबत नेहमीच्या वर्गणीत दिसायचं, याचा आम्हाला हेवा वाटायचा. तेव्हा पीपीव्ही गेलं याचा मला आनंदच आहे.

पण एक प्रश्न. मोठ्या फायटरना पीपीव्हीच्या विक्रीतला वाटा मिळायचा. तो गेल्यावर त्यांनी वर्षातून दोनदा का लढावं? आणि ओबी_व्हॅन, तुमचा मुद्दा धरला तर उलट उदाहरण आहे का? म्हणजे टीव्हीचा करार होता आणि दर्जा चांगला होता असं?

ओबी_व्हॅन

तांबडी_माती, वजनाचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता आणि तो माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा मोठा आहे. पूजा तोमरच्या फाईटबद्दलही मान्य. इव्हेंटचा दर्जा आणि त्यातल्या एकेका फाईटचं मोल या वेगळ्या गोष्टी आहेत, मी त्या एकत्र केल्या नव्हत्या पण वेगळ्या करून सांगितल्याही नव्हत्या.

हडसनपार, उलट उदाहरण आहे: प्राइड, जपानची जुनी एमएमए संघटना. फुजी टीव्हीवर दिसायचं, सैतामा सुपर अरीनात व्हायचं. पहिला राउंड 10 मिनिटांचा, पुढचे 5-5 चे. ढोल वाजवत सगळे फायटर एकत्र रंगमंचावर यायचे, ग्राँप्रीचे (बाद पद्धतीच्या स्पर्धेचे) इव्हेंट महिन्यांच्या अंतराने व्हायचे, त्यामुळे गोष्ट पुढे सरकत राहायची. ज्याने 2003 ते 2005 मधली मिडलवेट आणि हेवीवेटची ग्राँप्री बघितली नाही त्याने सवड काढून बघावी. माझ्यासाठी एमएमएच्या प्रक्षेपणाचा तोच मापदंड आहे.

तिथेही टीव्हीने आपली किंमत वसूल केलीच. 31 डिसेंबरला जपानमध्ये सगळं घर टीव्हीसमोर असतं. 2003 मध्ये त्या एका रात्री तीन वाहिन्यांवर तीन वेगवेगळे लढतींचे कार्यक्रम होते. टीबीएसवर बॉब सॅप आणि माजी योकोझुना (सुमोतला सर्वोच्च दर्जा) अकेबोनो समोरासमोर आले, तेव्हा काही मिनिटं त्यांनी एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या परंपरागत गाण्यांच्या कार्यक्रमालाही मागे टाकलं. लढत म्हणून तीत काही नव्हतं, बघणारे मात्र कोटींत होते. प्राइडनेही 31 डिसेंबर 2005 ला फेडोर येमेलियानेन्कोसमोर झुलुझिन्यो नावाचा अवाढव्य माणूस उभा केला. 26 सेकंद. जगातला सर्वोत्तम हेवीवेट, आणि वर्षातली सगळ्यात मोठी रात्र त्याने अशी घालवली.

शेवटही टीव्हीनेच केला. प्राइडचे याकुझाशी (जपानी गुन्हेगारी टोळ्यांशी) संबंध असल्याचे लेख एका साप्ताहिकात आले आणि 5 जून 2006 ला फुजी टीव्हीने करार तोडला. त्या एका वाहिनीवर सगळा डोलारा उभा होता. मग त्यांनी लास वेगासमध्ये दोन इव्हेंट करून पाहिले, जमलं नाही. मार्च 2007 मध्ये यूएफसीच्याच मालकांना विक्री जाहीर झाली आणि 8 एप्रिलला सैतामात शेवटचा इव्हेंट. फायटर तेच, प्रेक्षक तेच, नियम तेच होते. गेला फक्त करार.

अमेरिकेत एलिट एक्ससी या संघटनेचं त्याहून झटपट झालं. 2008 मध्ये सीबीएसवर, आणि सगळी भिस्त किंबो स्लाइस या एका माणसावर. 4 ऑक्टोबरला त्याच्याशी लढणाऱ्या केन शॅमरॉकला त्याच दिवशी डोळ्याजवळ जखम झाली, ऐनवेळी सेठ पेत्रुझेली हा कार्डावरचा दुसराच माणूस आणून उभा केला आणि त्याने किंबोला 14 सेकंदांत पाडलं. त्याच महिन्यात कंपनी बंद. वाहिनीला एक चेहरा हवा होता आणि कंपनीने खेळाऐवजी तो चेहरा जपला. असं करणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं, कारण त्याच कार्डांवर बाकी माणसं आयुष्य पणाला लावून लढत होती.

मोठ्यांच्या मानधनाचा तुमचा प्रश्न खरा आहे. पीपीव्हीच्या वाट्याऐवजी त्यांना ठोक रक्कम द्यावी लागेल, आणि ती देताना संघटना हात आखडता घेईल अशी मला भीती आहे. तसं झालं तर मोठी नावं बॉक्सिंगकडे बघतील.

डावखुरा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. प्राइडच्या ग्राँप्री या आठवड्यात बघायला घेतो. शेवटचं एकच: पॅरामाउंटचं पहिलं कार्ड, जानेवारी 2026 चं यूएफसी 324, गेथजी आणि पिम्ब्लेट यांना घेऊन चांगलं सजवलं होतं. त्यावरून काही अंदाज बांधायचा का?

ओबी_व्हॅन

बांधू नका. नव्या वाहिनीवरचं पहिलं कार्ड नेहमी भरलेलं असतं. 19 जानेवारी 2019 ला ईएसपीएन प्लसचा पहिला इव्हेंट ब्रुकलिनला झाला. मुख्य फाईट हेन्री सेहुदो आणि टी. जे. डिलशॉ, फ्लायवेटचा बेल्ट. ती मुळात पुढच्या आठवड्यातल्या यूएफसी 233 साठी ठरलेली होती. नव्या वाहिनीचा शुभारंभ दणक्यात व्हावा म्हणून ती उचलून ब्रुकलिनला नेली, यूएफसी 233 ला दुसरी मुख्य फाईट मिळाली नाही आणि तो इव्हेंटच रद्द झाला. ब्रुकलिनचं कार्ड झकास दिसलं, ते दुसऱ्या कार्डाचा जीव घेऊन.

माझी पद्धत सांगतो. मुख्य फाईट बघूच नका, ती नेहमी बरी असते. करार जुना झाल्यावरची, एखाद्या ऑगस्ट-सप्टेंबरातली फाईट नाईट उघडा. मुख्य कार्डावरची खालून दुसरी फाईट कोणाची आहे, ते दोघं किती दिवस आधी ठरले, आणि इव्हेंट एपेक्समध्ये आहे की खऱ्या अरीनात, हे बघा. दोघंही पूर्ण कॅम्प करून आलेले असतील आणि समोर दहा हजार लोक असतील, तर तुमच्या जिममधल्या पहिल्या तटाचं म्हणणं खरं ठरलं असं धरा.

तांबडी_माती

आणि शुक्रवारचं वजन बघा. काट्यावर चढताना कोण टॉवेल धरून थरथरतंय ते टीव्हीवर स्पष्ट दिसतं.