सॉफ्टवेअर आले, तरी सगळे बाबांच्या फोनवरच अडते

म्हापशेकरीण:
आमचा म्हापशात हार्डवेअर, पाइप आणि रंगांचा होलसेल धंदा आहे. बार्देश, पेडणे, डिचोलीच्या दुकानांना माल जातो. मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्याकडच्या ऑर्डरी बऱ्याच वाढल्या. सेल्समनना टॅब्लेट दिले, गोदामातला स्टॉक मोबाइलवर दिसतो. तरी सवलत किती, उधारी वाढवायची का, हे विचारायला प्रत्येक जण बाबांना फोन करतो. बाबा देवळात किंवा बँकेत असले की भरलेला टेम्पो दारातच उभा. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, वरचे पॅकेज घ्या. घ्यावे का?

कुंडईकर:
ताई, नका घेऊ. मी कुंडईच्या वसाहतीत एका कारखान्याचे उत्पादन सांभाळतो. यंत्र नवे आणि निर्णय जुन्याच वाटेने, असे असेल तिथे पैसे वाया जातात, हे माझे ठाम मत आहे.

एडिसनचे वीजकेंद्र न्यूयॉर्कला १८८२ मध्ये सुरू झाले. पुढे अमेरिकेतल्या कित्येक कारखान्यांनी वाफेचे इंजिन काढून मोठी मोटर बसवली, पण छताखालचा लांब शाफ्ट (सगळी यंत्रे पट्ट्यांनी फिरवणारा एकच दांडा) आणि पट्टे तेच ठेवले. यंत्रे त्या शाफ्टच्या रांगेतच अडकून राहिली. उत्पादकता खरी वाढली ती १९२० च्या दशकात. तोवर प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळत गेली आणि कामाच्या क्रमाने यंत्रे मांडता आली. तुमच्याकडे बाबांचा फोन म्हणजे तो शाफ्ट.

सेल्समनला ठरावीक टक्क्यापर्यंत सवलतीचा हक्क द्या. दुकानागणिक उधारीची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घाला. मर्यादेत बसणारी ऑर्डर कुणालाही न विचारता निघाली पाहिजे, वरची तेवढी बाबांकडे. आणि कमिशन विक्रीवर असेल तर ते वसुलीवर आणा, नाहीतर हक्क मिळताच माल उधारीवर सुटेल.

फोंड्याचा_हिशेबनीस:
त्याआधी मालाची यादी साफ करा. अर्धा इंची एल्बो दोन-तीन नावांनी नोंदलेला असतो, एका नावाखाली स्टॉक उणे आणि दुसऱ्याखाली माल पडून. मग सेल्समन टॅब्लेटवर विश्वास ठेवत नाही, गोदामाला फोन करतो. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुकानदारांच्या बिलांना ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागतोच, त्यामुळे हे काम टाळू नका.

म्हापशेकरीण:
यादीचे करू. उधारी अवघड आहे. चतुर्थी झाल्यावर कोण देतो, कोणाचे पैसे सरकारी बिलात अडकलेत, हे बाबांना तोंडपाठ. शिवाय आपल्याला बाजूला सारले असे त्यांना वाटायला नको. धंदा त्यांनी उभा केलाय.

कुंडईकर:
बाजूला कशाला सारायचे? मर्यादा त्यांनीच ठरवायच्या, आणि वसुलीचा तक्ता समोर घेऊन दर तिमाहीला बदलायच्या. फोनवर जाणारा त्यांचा वेळ मोठ्या प्रश्नाला हवाय: उद्या पाइप आणि रंगांच्या कंपन्यांनी ॲपवर थेट ऑर्डरी घेतल्या तर दुकानदाराने तुमच्याकडे का यावे? माझ्या मते दोन कारणांसाठी. एकाच टेम्पोत पाच ब्रँडचा सुटा माल त्याच दिवशी, आणि ओळखीवरची उधारी. कंपनीला हे जमणे कठीण, आणि दुसरे तर बाबांशिवाय तुम्हालाही जमणार नाही. त्याच दिशेने स्टॉक ठेवा. पेडण्यात छोटे गोदाम लागेल का, हे ऑर्डरीची तारीख आणि माल पोचल्याची तारीख शेजारी ठेवली की कळेल. तो तक्ता काढून इथे टाका, मी बघतो.