मदत हवी आहे : 'तिकीट टू राइड' एकट्याने खेळायचाय, आणि नियमांचं पुस्तक गायब आहे

घोडबंदरचा_एकांडा | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत एकांनी घर बदलताना खेळांची खोकी विकायला काढली होती. त्यातून 'तिकीट टू राइड' हा रेल्वेमार्गांनी शहरं जोडण्याचा बोर्डगेम घेतला, अमेरिकेचा नकाशा असलेला. घेताना खोकं उघडून बघितलं नाही, हा माझा गाढवपणा. घरी येऊन बघतो तर नियमांचं पुस्तक नाही आणि पाचही रंगांचे रेल्वेचे छोटे डबे चिवड्याच्या एका पिशवीत कोंबलेले. त्यांना अजून वास येतो.

ताई नेरुळला राहते. एक रविवार आड ती ठाण्याला येते, तेव्हा आम्ही दोघं खेळतो. एका व्हिडिओवरून अर्धेमुर्धे नियम शिकलो आहोत. तीन डाव झाले, तिन्ही तिने जिंकले. मधले पंधरा दिवस खोकं कपाटावर नुसतं पडून असतं. माझी रात्रपाळी, तीही घरून, त्यामुळे दुपारी मी जागा असतो तेव्हा खेळायला भिडू कुठून आणणार? म्हणून एकट्याने खेळायची काही रीत आहे का, हा मुख्य प्रश्न. एकदा स्वतःच दोन्ही बाजूंनी खेळून बघितलं. काही मजा नाही, समोरच्याची तिकिटं, म्हणजे कुठली दोन शहरं जोडायची ते सांगणारे पत्ते, मलाच माहीत असतात.

बाकी शंका अशा. पत्ते नेहमीच्या पत्त्यांपेक्षा बरेच लहान आहेत, ही नक्कल तर नाही ना? खोक्यात नेमकं काय काय असायला हवं? आणि रंगीबेरंगी इंजिनाचा पत्ता उघडा पडला असेल तर तो घेऊन अजून एक पत्ता घेता येतो का? आम्ही घेतो. ताई म्हणते येतो.

---

तुर्भे_यार्ड | शनिवार, रात्री ११:५२

आधी खोकं मोजून घ्या. रंगीत डब्यांचे पत्ते आठ रंगांत प्रत्येकी १२, म्हणजे ९६. इंजिनं १४. एकूण ११०. प्रवासाची तिकिटं ३०. पाच रंगांचे प्लॅस्टिकचे डबे, खेळायला प्रत्येकाला ४५ लागतात, वर दोन-तीन जास्तीचे येतात. त्यामुळे एखादा सोफ्याखाली गेला असला तरी बिघडत नाही. गुण मोजायला पाच लाकडी सोंगट्या, आणि सर्वांत लांब सलग मार्गाच्या बोनसचा एक पत्ता.

लहान पत्त्यांवरून नक्कल ठरवू नका. २००४ साली अमेरिकेचा नकाशा निघाला तेव्हा पत्ते तसेच चिमुकले होते, आणि लोकांनी त्यावर भरपूर कुरकुर केली. २००६ मध्ये '१९१०' नावाची पुरवणी आली, तिच्यात मोठे पत्ते दिले. तुमच्याकडे जुनी आवृत्ती आली आहे एवढंच. नकलेत मला दिसलेल्या खुणा वेगळ्याच: छपाई फिकी, बोर्डाची घडी नीट न बसणं, पांढरा आणि पिवळा रंग ओळखू न येणं.

चिवड्याच्या वासाला दोन दिवस ऊन. पत्त्यांना नको, फक्त डब्यांना.

---

रमीतला_जोकर | रविवार, सकाळी ८:०५

तुमच्या ताईंना माझा नमस्कार, पण नियम तसा नाही.

पाळीत तीनपैकी एकच काम: पत्ते घ्यायचे, किंवा मार्गाच्या रंगाचे तेवढे पत्ते देऊन एक मार्ग घ्यायचा आणि त्यावर डबे ठेवायचे, किंवा नवी तिकिटं काढायची. पत्ते घेताना दोन मिळतात. पाच उघडे असतात, त्यांतून घ्या नाहीतर गड्डीतून. उघडं इंजिन उचललं की पाळी संपली, तो एकच पत्ता. पहिला पत्ता साधा घेतलात आणि त्या जागी इंजिन उघडं पडलं, तर दुसरा म्हणून ते उचलता येत नाही. गड्डीतून आंधळेपणाने ओढलेला पत्ता इंजिन निघाला तर मात्र ते तुमचं नशीब, दुसरा पत्ता खुशाल घ्या. रमीतला जोकर जसा कुठेही चालतो तसंच हे इंजिन, म्हणून त्याची किंमत दुप्पट. पाच उघड्या पत्त्यांत तीन इंजिनं झाली की पाचही फेकून नवे मांडायचे.

अजून एक. दोघं खेळता ना? मग नकाशावर दोन शहरांमध्ये जिथे जोडमार्ग आहेत, तिथे एकाने एक घेतला की दुसरा बंद. दोघं किंवा तिघं असताना हाच नियम. चार-पाच जण असतील तरच दोन्ही खुले, तेही दोन वेगळ्या भिडूंना. पैज लावतो, हे तुम्ही पाळत नसणार.

---

घोडबंदरचा_एकांडा | रविवार, सकाळी ९:३०

पैज जिंकलात. आम्ही दोघं शेजारी शेजारी आनंदाने रूळ टाकत होतो, ठाणे-दिवा जलद आणि धिम्या मार्गिका असल्यासारखे. म्हणजे गेले तीनही डाव रद्द. हे ताईला सांगायचं धाडस अजून होत नाहीये.

डाव संपतो कधी, तेही सांगा. आम्ही डबे पूर्ण संपेपर्यंत खेळत होतो.

---

रमीतला_जोकर | रविवार, सकाळी ९:४१

कुणाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की घंटा. त्यानंतर प्रत्येकाला, ज्याचे संपत आले त्यालाही, एकेक शेवटची पाळी. मग तिकिटं उघडायची. पूर्ण झालेल्याचे गुण मिळवा, अपुऱ्याचे तेवढेच वजा. मार्गाचे गुण: एक डबा १, दोन २, तीन ४, चार ७, पाच १०, सहा १५. सहाचा मार्ग किती फायद्याचा ते यातच दिसतं.

---

अमुकतमुक | रविवार, सकाळी १०:१५

मोबाइलवर खेळा की. संगणक भिडू होतो, पत्ते पिसायचीही कटकट नाही.

---

घोडबंदरचा_एकांडा | रविवार, सकाळी १०:२२

रात्रभर स्क्रीनसमोरच असतो हो. दुपारी तरी हाताला लाकूड-प्लॅस्टिक लागू दे.

---

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी २:४८

खारघरहून. दोन वर्षं या प्रश्नावर डोकं फोडलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट: खोक्यावर २ ते ५ भिडू लिहिलंय, कारण अमेरिकेच्या मूळ खेळात एकट्याचे नियमच नाहीत. लोक काय करतात, एकट्याने बसून 'जास्तीत जास्त गुण किती' एवढंच बघतात. दोन डावांत कंटाळा येतो. कारण या खेळाचा जीव गुणांत नाही, धास्तीत आहे. नॅशव्हिल-अटलांटा हा एका डब्याचा एकुलता मार्ग बघा. एक डबा, एक गुण, आणि तो दुसऱ्याने घेतला की तुमचा अख्खा बेत फिरतो. म्हणजे आडवा येणारा कुणीतरी हवा. पण तो अगदी आंधळा असला तर चीड येते, आणि तुम्हीच त्याच्यासाठी विचार करायला लागलात तर तुमचंच बिंग तुम्हाला माहीत. तुमची हीच अडचण झाली.

मी ज्या काल्पनिक भिडूशी खेळते त्याला घरात 'भाऊसाहेब' म्हणतात. त्यांना एका रंगाचे ४५ डबे द्या. तुमची प्रत्येक पाळी संपली की उपड्या गड्डीतला वरचा एक पत्ता त्यांच्यासमोर उघडा ठेवा, रंगवार ओळी करून. इंजिन आलं तर सर्वांत मोठ्या ओळीत टाका. कुठल्याही रंगाचे तीन झाले की भाऊसाहेब मार्ग घेतात. ते तीन पत्ते फेकलेल्यांत जातात. मग तिकिटांच्या गड्डीतलं वरचं तिकीट उघडा आणि त्यावरच्या दोन्ही शहरांतून निघणाऱ्या मार्गांपैकी सर्वांत लांब मोकळा मार्ग त्यांचा. रंग बघायचा नाही. तिकीट परत तळाला. लांबी सारखी निघाली तर तुम्हाला ज्याची जास्त गरज आहे तो त्यांचा. इथे रडीचा डाव खेळलात तर कुणी बघायला नाही, पण मग कशाला खेळायचं?

गंमत अशी की भाऊसाहेब कधी येणार ते दिसतं, कुठे येणार ते दिसत नाही. लाल दोन झाले की पोटात गोळा. लोकलच्या इंडिकेटरच्या बरोबर उलट: तिथे गाडी कुठे जाणार ते कळतं, कधी येणार ते नाही.

त्यांच्या मार्गांचे गुण धरा, तिकिटांचे नाही. सर्वांत लांब मार्गाचे १० गुण कुणालाच देऊ नका, नाहीतर ते तुम्हाला फुकटात मिळतात. जोडमार्गाचा दोघांचा नियम लागू. त्यांचे डबे दोनवर आले तरी डाव संपतो, आणि हे विसरलात की मार खाल.

---

तलावपाळी | रविवार, संध्याकाळी ६:१०

अवांतर : १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यालाच आली. १४ डबे, ३ इंजिनं. या खेळात इंजिनं १४. कंपनीने ठाणेकरांना विचारायला हवं होतं. (चालू द्या.)

---

घोडबंदरचा_एकांडा | बुधवार, दुपारी ४:००

पाटीपेन्सिल ताई, खेळलो. कल्पना फार आवडली, पण भाऊसाहेब सुरुवातीला नुसतेच बसून राहिले. माझे तीन मार्ग झाले तरी त्यांचा एकही नाही. नंतर जागे झाले, पण सगळ्या डावात सात मार्ग. मी आरामात जिंकलो, आणि आरामात जिंकण्यात काय आहे?

---

रमीतला_जोकर | बुधवार, संध्याकाळी ५:३५

तुम्ही सुरुवातीला हातात ४ पत्ते घेता ना? मग भाऊसाहेबांनाही ४ द्या. आठ रंगांत एकेक करून एकाच रंगाचे तीन जमायला वेळ लागतोच, चार पत्ते आगाऊ मिळाले की ती मंद सुरुवात जाते.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९:०२

हे मला दोन वर्षांत सुचलं नाही! मी पहिल्या पाच पाळ्या त्यांना दोन-दोन पत्ते देत होते आणि मोजणी चुकत होते. हेच सुटसुटीत. माझ्या वहीत दुरुस्ती केली.

---

घोडबंदरचा_एकांडा | शुक्रवार, दुपारी ३:१५

आज चार पत्ते देऊन खेळलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तीन तिकिटांतून दोन ठेवली: लॉस एंजलिस-मायामी, २० गुण, आणि डेन्व्हर-एल पासो, ४ गुण. दक्षिणेकडून सरळ बेत. लॉस एंजलिस ते एल पासो काळे सहा, पुढे ह्यूस्टनपर्यंत हिरवे सहा, मग न्यू ऑर्लिन्स, आणि शेवटी मायामीपर्यंत लाल सहा. काळे झाले, हिरवे झाले. हातात चार लाल. भाऊसाहेबांसमोर निळे दोन. निळा आला. तिकीट उघडलं तर शिकागो-न्यू ऑर्लिन्स. शिकागोहून चारच्या वर काही निघत नाही, न्यू ऑर्लिन्सहून मोकळा सर्वांत लांब मार्ग कुठला? मायामीचा. माझ्या चार लाल पत्त्यांची शोभा.

मी मोठ्याने काहीतरी बोललो असणार, कारण खालच्या मजल्यावरच्या आजींनी संध्याकाळी जिन्यात विचारलं, "सगळं ठीक ना रे?"

मग अटलांटावरून वळसा. सहाच्या जागी नऊ डबे. अटलांटापर्यंत पोहोचलोच होतो म्हणून हावरटपणे अजून तिकिटं काढली, डलस-न्यूयॉर्क ११ चं मिळालं, ते रॅली-वॉशिंग्टनवरून रडतखडत पूर्ण केलं. तेवढ्यात भाऊसाहेबांचे ४४ डबे लागले, उरला एक. माझ्या हातात अकरा डबे तसेच. शेवट: मी ९५, भाऊसाहेब ९३.

एक शंका राहिली. त्यांचं तिकीट तळाला घालायचं म्हणता, पण मी नवी तिकिटं काढताना तीन बघतो, त्यांतली नको असलेलीही तळालाच जातात. म्हणजे पुढे केव्हातरी भाऊसाहेब मीच टाकलेल्या शहरांवर येणार?

---

पाटीपेन्सिल | शुक्रवार, दुपारी ४:४०

येतील, पण गड्डी एकदा पूर्ण फिरल्यावर. त्यांचं नशीब समजा, किंवा प्रत्येक दहा तिकिटांनंतर गड्डी पिसा. मी पिसत नाही, आळस.

दोन गुणांनी जिंकलात, पुढच्या वेळी भाऊसाहेबांनाही एक पूर्ण तिकीट द्या. दोन्ही शहरं त्यांच्या डब्यांनी जोडली गेली तर गुण त्यांचे, नाही जोडली तर वजा करू नका. बघा मग.

---

तुर्भे_यार्ड | शुक्रवार, रात्री १०:२०

अमेरिकेचा कंटाळा आला की आपला नकाशा घ्या. २०११ च्या दुसऱ्या नकाशा-संचात एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड. भारताचा नकाशा इयन व्हिन्सेंट यांचा, काळ १९११ चा, भिडू २ ते ४. डबे आणि रंगीत पत्ते त्यात येत नाहीत, ते तुमच्याकडचेच वापरायचे. त्यात 'मंडल' म्हणून जादा गुण आहेत: तिकिटावरची दोन शहरं दोन वेगळ्या वाटांनी जोडायची, जाताना एका बाजूने, येताना दुसऱ्या. एकट्याने खेळायला मला तो जास्त आवडतो, कारण एक वाट भाऊसाहेबांनी अडवली तरी दुसरीचा विचार आधीच डोक्यात असावा लागतो. माझ्याकडे आहे. ठाणे-वाशी लाइनवर कुठेही भेटा, महिनाभरासाठी नेऊन खेळा. फक्त चिवड्याच्या पिशवीत परत देऊ नका.

---

घोडबंदरचा_एकांडा | शनिवार, सकाळी ११:०५

तुर्भे_यार्ड, रविवारी ताईला सोडायला नेरुळला येतोय, वाटेत तुर्भ्याला उतरतो. संध्याकाळी पाचनंतर चालेल?

आणि हो, ताईला तो जोडमार्गाचा नियम सांगितला. ती म्हणाली, "मग काय, उद्या पुन्हा पहिल्यापासून खेळू," आणि भाऊसाहेब कोण ते विचारत बसली.